कातड्याखालचे ज्ञान

पाश्चात्त्य तैलचित्रांतला उधळलेला घोडा, झेप घेणारा सिंह, ओझ्याखाली वाकलेला माणूस पाहिला की आपला कलासमीक्षक ‘प्रतिभा’, ‘दृष्टी’, ‘साधना’ असे शब्द काढतो. हे शब्द खोटे नाहीत. पण ते फार सोयीचे आहेत. चित्रकाराला ते शरीर कळले कोठून, हा साधा प्रश्न त्यांच्याखाली झाकला जातो. त्या प्रश्नाचा माग काढत गेले की आपण कलादालनातून बाहेर पडतो आणि आपल्या पूर्वजांच्या चांगल्याच ओळखीच्या एका जागी येऊन पोचतो. ती जागा म्हणजे मेलेले जनावर सोलण्याची जागा.

हे नीट समजून घेतले पाहिजे. बसलेला माणूस रंगवणे एक आणि धावणारे जनावर रंगवणे दुसरे. बसलेला माणूस तासभर हलत नाही. घोडा क्षणभर थांबत नाही. म्हणून गतिमान शरीर नुसते पाहून रंगवता येत नाही, ते आधी आतून माहीत असावे लागते. पुढचा पाय उचलला की खवाटा कातड्याखाली कसा सरकतो, मागचा फरा जमिनीला रेटा देतो तेव्हा कोणता स्नायू ताठतो, मान वळली की पाठीचा कणा कोठपर्यंत वळतो, हे हाताला पाठ असावे लागते. तैलरंग सावकाश सुकतो. ओल्या रंगातच कडा पुसता येते, रेषा हलवता येते, चुकले तर सुरीने खरवडून पुन्हा मांडता येते. म्हणूनच गती पकडायला हे माध्यम उपयोगी पडले. पण रंग ओला आहे म्हणून शरीर जिवंत होत नाही. वजन कोठे पडले आहे हे ज्याला कळत नाही, त्याचा घोडा हवेत टांगल्यासारखा दिसतो.

हे वजन युरोपात कोण शिकले? घोड्यांचा सर्वश्रेष्ठ चित्रकार म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो जॉर्ज स्टब्स १७२४ साली लिव्हरपूल येथे जन्मला. त्याचा बाप कातडी कमावण्याच्या धंद्यात होता. पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत मुलगा बापाच्या हाताखाली तेच काम करीत होता. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याला जवळजवळ मिळालेच नाही. एका चित्रकाराकडे तो काही आठवडे राहिला आणि पटेना म्हणून बाहेर पडला. यॉर्क येथे तो शरीररचनाशास्त्र शिकला आणि प्रसूतिशास्त्रावरील एका ग्रंथासाठी त्याने चित्रे काढली. १७५६ साली लिंकनशायरमधील हॉर्कस्टो या खेड्यात एक घर घेऊन तो सुमारे दीड वर्ष राहिला. तेथे त्याने घोड्यांची कलेवरे छताच्या कड्यांना अशी टांगली की घोडा उभा आहे, चालतो आहे असे वाटावे. मग कातडे काढायचे, चित्र काढायचे. स्नायूंचा एक थर काढायचा, पुन्हा चित्र काढायचे. असे करीत हाडांपर्यंत जायचे. एकेक कलेवर कित्येक आठवडे चालायचे. त्या घरातील दुर्गंधीची कल्पना या नियतकालिकाच्या वाचकांना वेगळी करून द्यायला नको. या कामात मेरी स्पेन्सर ही त्याची जोडीदारीण त्याच्यासोबत होती. या चित्रांवरून ठसे कोरून देण्याचे काम कोणी घेईना, तेव्हा ते त्याने स्वतः केले आणि १७६६ साली घोड्याच्या शरीररचनेवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्याचे त्याचे ‘व्हिसलजॅकेट’ हे प्रचंड तैलचित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात मागे डोंगर नाही, झाड नाही, स्वार नाही. फक्त एक शरीर आणि त्याचे वजन.

आता प्रश्न असा की कातडी कमावणाऱ्याच्या घरातून हे ज्ञान कॅनव्हासपर्यंत कसे पोचू शकले? इंग्लंडमध्ये समता नांदत होती म्हणून नव्हे. तेथेही चित्रकारांची उतरंड होती. पुराणकथा आणि इतिहास रंगवणारा श्रेष्ठ, जनावरे रंगवणारा कनिष्ठ. ‘घोड्यांचा चित्रकार’ हा शिक्का स्टब्सला जन्मभर बोचला. त्याची चित्रे विकत घेणारे सरदार स्वतः घोडा सोलायला बसले नसते. पण त्या कातडी कमावणाऱ्याच्या मुलाच्या अंगाला फार तर वास येत असेल, त्याच्या सावलीने कोणी बाटत नव्हते. बापाचा धंदा सोडून शवविच्छेदनाच्या खोलीत जाण्याची, तेथून रोमला जाण्याची आणि परत येऊन सुरी नि कुंचला एकाच हातात धरण्याची वाट त्याला धर्माने बंद केली नव्हती. सारा फरक या एका गोष्टीत आहे.

पुढे पॅरिसमध्येही ही वाट खाटिकखान्यातून आणि इस्पितळातूनच गेली. स्टब्सच्या सिंह-घोड्यांच्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्या थिओदोर जेरिको याने ‘मेद्यूसाचा तराफा’ हे चित्र १८१९ मध्ये पुरे केले. त्यासाठी तो इस्पितळात मरणासन्न माणसे आणि प्रेते पाहत होता. त्या चित्रात सर्वांत उंचावर, दूरच्या जहाजाला फडके हलवून हाक देणारा माणूस काळा आहे. त्यासाठी जोसेफ नावाचा हैतीचा माणूस मॉडेल म्हणून उभा राहिला. फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी चालू असताना जेरिकोने तराफ्यावरची सारी आशा एका काळ्या पाठीत आणि काळ्या दंडात भरली. रोझा बोनर या स्त्री चित्रकाराला घोडेबाजारात आणि खाटिकखान्यात जाऊन जनावरांचा अभ्यास करायचा होता. तेथे सुखाने वावरता यावे म्हणून पुरुषी कपडे घालण्याचा परवाना तिला पोलिसांकडून काढावा लागला. ‘घोड्यांचा बाजार’ हे तिचे अवाढव्य चित्र १८५२ ते १८५५ या काळातले. ज्याला बाजारात आणि खाटिकखान्यात शिरता येत नाही त्याला गती शिकता येत नाही, हे तिने ओळखले होते.

परंतु ज्ञानाची ही खोली सर्वांना सारखी उघडी नव्हती. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या कला अकादमीत टॉमस एकिन्स हा शिक्षक विद्यार्थ्यांना प्लास्टरच्या पुतळ्यांपुढे फार वेळ बसू देत नसे. तो त्यांना लवकर रंग हाती घ्यायला लावी, माणसांची आणि घोड्यांची शवे फाडून पाहायला लावी. १८७८ साली मायब्रिज याने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली आणि चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या चुकीचा घोडा काढत आले होते हे उघड झाले. चारही पाय जमिनीपासून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. पुढे-मागे फाकलेले असताना नव्हे. एकिन्सने हे ज्ञान लगेच वर्गात आणले.

त्याच्या वर्गात १८८० च्या सुमारास एक काळा तरुण दाखल झाला. हेन्री ओसावा टॅनर. त्याची आई गुलामगिरीत जन्मलेली होती. त्याला सुरुवातीला जनावरांचा चित्रकार व्हायचे होते. अभ्यासासाठी त्याने एक मेंढीही पाळून पाहिली. एका रात्री गोऱ्या विद्यार्थ्यांनी अकादमीतल्या एका काळ्या विद्यार्थ्याला भर रस्त्यात नेले, त्याच्याच ईझलला बांधले आणि तसेच सोडून दिले. त्यांतल्याच एकाने १९२५ साली आठवणी लिहिताना ही हकिकत गमतीने सांगितली. त्याने नाव दिले नाही. तो विद्यार्थी टॅनरच होता असे अभ्यासक मानतात. ज्या चौकटीवर शरीराची गती उतरवायची त्याच चौकटीला शरीर बांधून टाकणे! वर्चस्वाच्या कलाविचाराचे याहून नेमके चित्र कोणी काढू शकणार नाही. आणि त्याच शहरात डिसेंबर १८८२ मध्ये असे उघडकीस आले की काळ्यांच्या लेबनन दफनभूमीतून प्रेते चोरून एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या विच्छेदनाच्या टेबलावर नेली जात होती. म्हणजे शरीरज्ञानासाठी काळ्याचे प्रेत चालत होते. शरीरज्ञान शिकायला आलेला जिवंत काळा चालत नव्हता. टॅनर १८९१ मध्ये पॅरिसला गेला आणि तेथेच स्थिरावला. सिंहांच्या गुहेतल्या डॅनियलच्या त्याच्या चित्राची १८९६ च्या पॅरिस प्रदर्शनात सन्मानपूर्वक दखल घेतली गेली; ‘लाझारसचे पुनरुत्थान’ पुढच्या वर्षी पदक मिळवून गेले आणि फ्रेंच सरकारने ते विकत घेतले.

आता आपल्याकडे वळू. सुश्रुतसंहितेत शव वाहत्या पाण्यात ठेवून मग कुंच्याने थराथराने घासून आतले अवयव पाहण्याची रीत सांगितली आहे. म्हणजे या देशाला हे ज्ञान मुळातच नको होते असे नाही. पण मनुस्मृतीने ज्यांचे अन्न निषिद्ध ठरवले त्यांच्या यादीत वैद्यही आहे आणि चामडे कापणाराही. शरीराला हात लावून शिकणारे हे दोघेही एका अध्यायात अपवित्र ठरले. वैद्याने पुढे पोथीचा आधार घेऊन आपली सुटका करून घेतली. चामडे कापणाऱ्याला पोथीच नाकारली होती. १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त या उच्चवर्णीयाने प्रेताचे विच्छेदन केले तो दिवस इतिहासात नोंदला गेला. तोफांची सलामी झाली असेही सांगतात. गावोगाव जे हात रोज तेच करीत होते त्यांना सलामी नव्हती, वेशीबाहेरची जागा होती.

महाराने मेलेले ढोर ओढायचे, ढोराने कातडे कमावायचे, चांभाराने जोडे शिवायचे. बैलाचे वजन किती आणि ते कोठून उचलावे, कोणत्या सांध्यावर सुरी घातली की पाय अलगद सुटतो, वशिंडाखाली मांस कसे बसलेले असते, हे या माणसांना स्टब्सइतकेच ठाऊक होते. त्यांच्याजवळ हात होते, डोळे होते, ज्ञान होते. नव्हते ते कागद, कुंचला, मोकळा वेळ आणि काम नाकारण्याचा अधिकार. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’त मांडले. कलेच्या इतिहासात या सिद्धांताचा अर्थ असा होतो की शरीर जाणणारा हात आणि शरीर रंगवणारा हात या देशात एका धडाला कधी जोडूच दिले गेले नाहीत. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समुद्र ओलांडून वर्गात आल्या. गावकुसाबाहेरचे ज्ञान वेस ओलांडू शकले नाही.

येथे कोणी म्हणेल, मग ढोरे ओढणे सोडले ही चूक झाली काय? मुळीच नाही. मृत जनावराचे मांस खाणे सोडा, ही गलिच्छ चाकरी सोडा, हा १९२७ मधील महाडचा आदेश आपल्या मुक्तीचा पाया आहे. जे काम नाकारता येत नाही ते कौशल्य नसते, ती शिक्षा असते. स्टब्सने घोडा सोलला तो स्वतःच्या इच्छेने. आमच्या आज्या-पणज्यांनी बैल सोलला तो गावाच्या हुकमाने. आणि या कामाला पवित्र सेवा म्हणून गोंजारणाऱ्यांपासून तर अधिकच सावध राहिले पाहिजे. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून, भर रस्त्यात फटके मारले गेले. नाकारले तर बहिष्कार, केले तर फटके. तेव्हा तेथील दलितांनी मेलेली जनावरे उचलायचे नाकारले. महाडनंतर ८९ वर्षांनीही तोच नकार द्यावा लागला.

म्हणून मागणी धंद्याकडे परत जाण्याची नाही. मागणी आहे ती ज्ञानावरच्या हक्काची, आणि ती थोडी आपल्या स्वतःकडेही आहे. आपल्या चळवळीची चित्रे आठवून पाहा. पद्मासनातला बुद्ध, बोट उंचावलेले उभे बाबासाहेब, फुले दांपत्याची समोरून काढलेली मुद्रा. ज्यांना माणूसच मानले नव्हते त्यांनी प्रथम आपली प्रतिमा उभी केली, हे ऐतिहासिक दृष्ट्या अटळ आणि योग्यच होते. परंतु उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई, गटारातून दोराने वर ओढला जाणारा माणूस, चवदार तळ्याकडे चालत निघालेला जमाव, लाठी चुकवणारी पाठ, बुजलेला बैल, यांची तैलचित्रे आपल्याकडे किती आहेत? नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य चित्रांत आणला, तेव्हा या शरीराचा इतिहास प्रथमच एवढ्या उघडेपणाने भिंतीवर आला. बाबासाहेबांनीही अखेरच्या वर्षांत चित्रकलेचे धडे घेतले आणि डोळे उघडे असलेला बुद्ध रंगवला. राज्यघटना लिहून झालेल्या माणसाला हातात कुंचला घ्यावासा वाटला, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

आपल्या मुलामुलींनी चित्रकला महाविद्यालयात जावे ते केवळ फलक रंगवण्यासाठी नव्हे. त्यांनी शरीररचनेच्या वर्गात पुढच्या बाकावर बसावे, बाजारात जाऊन जनावरे रेखाटावीत, नाक्यावरचा हमाल ओझे उचलताना गुडघा कसा टेकवतो ते शंभरदा काढून पाहावे. त्यात लाज नाही. लाज त्या व्यवस्थेची आहे, जिने शरीराचे ज्ञान असलेल्यांना हजारो वर्षे अज्ञानी म्हटले. ज्या पाठीने हे वजन वाहिले तिचे चित्र काढण्याचा पहिला अधिकार तिच्याच वारसांचा आहे. आणि अधिकार वापरायला शिकावे लागते.