दहा ग्रंथ आणि एक साक्षीदार

महाविद्यालयातील विद्यार्थ्याला प्रबंध लिहावयाचा झाला म्हणजे गुरुजींची पहिली आज्ञा ठरलेली असते : ‘या विषयावर आजवर कोणी काय लिहिले आहे, ते आधी पाहून या.’ विद्यार्थी ग्रंथालयात जातो, दहा पुस्तके काढतो आणि अमका असे म्हणतो, तमका तसे म्हणतो, अशी यादी करून आणतो. यालाच तो पूर्वसंशोधनाचा आढावा समजतो. पण ही झाली नुसती हजेरी! कोण कोणाच्या आधाराने बोलतो आहे, हे उलगडले तरच तो आढावा. आपल्या सर्वांना परिचित असा एक प्रश्न घेऊन हे पाहू : शिवाजी महाराजांचा जन्म केव्हा झाला?

समजा, एखादा विद्यार्थी १९१० साली या प्रश्नाचे उत्तर शोधीत आहे. मल्हार रामराव चिटणिसांची बखर उघडावी, तर तीत शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इसवी सन १६२७. ग्रँट डफचा १८२६ साली प्रसिद्ध झालेला इतिहास पाहावा, तर त्यातही १६२७ चा मे महिना. न्यायमूर्ती रानड्यांचे १९०० सालचे पुस्तक पाहावे, तेथेही १६२७. विद्यार्थी म्हणणार, एवढे थोर लोक एकमुखाने सांगतात, आता शंका कसली?

पण थांबा. हे साक्षीदार किती? चिटणिसांनी बखर लिहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. महाराजांच्या निधनाला तोवर सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. ग्रँट डफ साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी होता आणि चिटणिसांची बखर त्याच्या पाहण्यात होती. पुढच्या लेखकांपुढे डफचा ग्रंथ होताच. म्हणजे ग्रंथ दहा असले, तरी पाणी एकाच आडातले! दहा घागरी भरल्या म्हणून आड काही दहा होत नाहीत.

लोकमान्य टिळकांनी १९०० साली ‘केसरी’त या तिथीची चर्चा केली, तेव्हा त्यांचीही मुख्य भिस्त बखरींवरच होती. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील एक शकावली त्यांच्या हाती आली. शके १५४० पासूनच्या घटना तीत तिथीवार नोंदल्या आहेत. टिळकांच्याच पुढाकाराने ती १९१६ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात छापून आली. तीत महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा दिला आहे. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

आता एका बाजूला दहा ग्रंथ आणि दुसऱ्या बाजूला एक जुनी शकावली. मते मोजावयाची, तर शकावली हरली! पण अभ्यासकांनी तिची परीक्षा घेतली. गणित करून पाहावे, तर त्या तिथीला खरोखरच शुक्रवार येतो. पुढे परमानंद कवीचे ‘शिवभारत’ १९२७ साली प्रसिद्ध झाले. हा कवी महाराजांच्या पदरचा. त्यानेही शके १५५१ हेच वर्ष दिले आहे. जोधपूरच्या एका कुंडलीसंग्रहातील महाराजांच्या कुंडलीनेही तीच तिथी सांगितली. एक पुण्याजवळचा देशमुख, एक दरबारचा कवी आणि एक दूर राजस्थानातला ज्योतिषी! यांनी एकमेकांचे पाहून लिहिले, असे कोण म्हणेल? याला म्हणतात स्वतंत्र साक्ष.

तरीही वाद लगेच मिटला नाही. तो अनेक दशके चालला. अखेर २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली.

कोणी म्हणेल, पावणेतीन वर्षांनी असे काय बिघडते? बिघडते तर खरेच. अफजलखानाशी १६५९ च्या नोव्हेंबरात गाठ पडली, तेव्हा महाराज बत्तीस वर्षांचे होते की एकोणतीस? निधनसमयी वय बावन्न की पन्नास? चरित्रातील प्रत्येक प्रसंगाचे वय या एका आकड्यावर उभे आहे. पाया हलला की वरचे सारे मजले हलतात.

म्हणून विद्यार्थीमित्रांनो, आढावा लिहिताना प्रत्येक ग्रंथाला तीन प्रश्न विचारा. हा लेखक घटनेपासून किती दूर होता? त्याने हे कोठून घेतले? आणि तो लिहीत असताना कोणती साधने अजून उजेडात यावयाची होती? हा तिसरा प्रश्न विसरू नका, बरे का. तो विचारला म्हणजे रानडे किंवा डफ यांना नावे ठेवण्याचे कारण उरत नाही. त्यांच्यापुढे शकावली नव्हती, एवढेच. आणि ‘येथपर्यंत कळले आहे, यापुढचे कळावयाचे आहे’ ही रेघ आढाव्याच्या शेवटी स्पष्ट ओढता आली, की तुमच्या स्वतःच्या प्रबंधाला तेथूनच आरंभ करता येईल.