सिमेंटमधल्या राखेची कुळकथा

महाडजवळच्या नाते गावात कुणाच्या घराचं काम चालू असेल तर तिथे रचलेल्या सिमेंटच्या गोण्या निरखून पाहाव्यात. पुष्कळदा त्यांवर 'पोर्टलँड पोझोलाना सिमेंट' आणि खाली 'फ्लाय ॲश बेस्ड' असं छापलेलं असतं. फ्लाय ॲश म्हणजे वीजकेंद्रात जळलेल्या दगडी कोळशाची राख. भारतीय मानकानुसार या सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्के असते. अशी राख घराला चालते का, अंगाला बाधत नाही ना, ही शंका घर बांधणाऱ्याला येणारच. तिचं उत्तर राखेच्या कुळातच आहे.

हे कूळ जुनं आहे. रोमन गवंडी नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळत; पोझोलाना हे नाव तिथलंच. आपल्याकडे ते काम सुरखीने केलं. भाजलेल्या विटांची ही पूड चुन्यात घालायची आणि बैलाच्या घाण्यात दगडी चाकाखाली मळून काढायची. भाजलेल्या मातीतली सिलिका आणि चुना ओलाव्यात एकमेकांना धरतात, म्हणून असा चुना पाण्यातही घट्ट होतो.

फ्लाय ॲश ही याच कुळातली धाकटी पाती. बॉयलरमध्ये कोळशाची भुकटी जळते तेव्हा तिच्यातली माती वितळते आणि तिचे काचेसारखे बारीक, गोल कण धुराबरोबर वर निघतात. १९३७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रेमंड डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी काँक्रीटमधल्या या राखेचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे अमेरिकेतल्या हंग्री हॉर्स धरणात ती वापरली गेली. आपल्याकडे ती रिहांद धरणात आली. त्याची पायाभरणी १९५४ साली झाली, तेव्हा नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख देशाचे अर्थमंत्री होते. महाराष्ट्रात घाटघर प्रकल्पाची धरणंही भरपूर राख घातलेल्या काँक्रीटची आहेत.

तरीही बरीच वर्षं राखेचे ढीगच वाढत राहिले. १९९६-९७ साली देशात सुमारे ६.९ कोटी टन राख निघाली आणि जेमतेम १० टक्के वापरली गेली. सप्टेंबर १९९९च्या केंद्रीय अधिसूचनेने वीजकेंद्रांजवळच्या वीटभट्ट्यांना मातीत राख मिसळणं बंधनकारक केलं. शेताची वरची सुपीक माती भट्टीत जाऊ नये, हाही त्यामागचा हेतू होता. २०२१-२२पर्यंत राख सुमारे २७ कोटी टनांवर गेली आणि वापर ९५ टक्क्यांवर. पण या वापरात सिमेंट आणि विटांबरोबर खड्डे बुजवणं, सखल जमिनीत भराव घालणं हेही मोजलं जातं. खरी गोम इथेच आहे.

राखेत आर्सेनिक, क्रोमियम, शिसं यांचे अंश असतात. काँक्रीटमध्ये बांधली गेलेली राख ते सहसा सोडत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१४ साली काँक्रीटमधली राख तपासली आणि तिचा धोका नेहमीच्या काँक्रीटपेक्षा वेगळा ठरला नाही. मोकळी राख मात्र पावसाने झिरपते आणि वाऱ्याने उडते. तिची धूळ छातीत जाते. जुलै २०२२मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राखेचा गाळ आसपासच्या पाण्यात, शेतांत गेला.

महाडकरांनी हे मनावर घ्यायला हवं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सावित्री आणि गांधारी फुगल्या की काय होतं, ते जुलै २०२१च्या पुरात घराघरात दिसलं. जयगडचं कोळशावरचं वीजकेंद्र महाडपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा भरावाची राख इथवर येऊ शकते. पूररेषेत मोकळ्या राखेचा भराव घालणं म्हणजे ती नदीत आणि विहिरीत पाठवणं.

भिंतीत मात्र राख जरूर यावी, पण रीतीने. ती चुन्याशी सावकाश जुळते. म्हणून साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायचं, तर राखेच्या सिमेंटला किमान १० दिवस, असं मानक सांगतं. घाईत पाणी तोडलं की स्लॅब कच्चा राहतो आणि दोष राखेला लागतो. राखेच्या विटा घेताना मानकाचा शिक्का आणि ताकदीचा दाखला मागावा. वीट कापताना, घासताना गवंड्याच्या आणि बिगाऱ्याच्या नाकातोंडाला मास्क हवाच. आणि गावात भरावाचा डंपर आला तर त्यात काय आहे, कुठून आलं आहे, हे ग्रामपंचायतीने गाडी रिकामी होण्याआधी विचारावं.