छऱ्यांच्या जुन्या बंदुका : नळी व चोक यांतील फेरबदल

एकोणिसाव्या शतकातील छऱ्यांच्या बंदुकांच्या नळ्यांमध्ये कारखान्यात मागाहून केलेले बदल. महाराष्ट्रात संस्थानिक, जहागीरदार व इंग्रज अधिकारी यांच्यामार्फत आलेल्या अशा बंदुकांत बर्मिंगहॅम व लंडन येथील १२ बोअरच्या दुनळी बंदुका प्रमुख होत. एक पौंड शिशाच्या १२ समान गोळ्या केल्यास एका गोळीचा जो व्यास (सु. १८·५ मिमी.), तोच या नळीचा आतील व्यास.

आरंभीच्या नळ्या तोंडापर्यंत सारख्याच रुंद असत. तोंडाशी नळी किंचित अरुंद करण्याच्या रचनेचे (चोकचे) एकस्व न्यूकॅसलच्या डब्ल्यू. आर. पेप यांनी १८६६ मध्ये घेतले. १८७४ पासून डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी ती लोकप्रिय केली. सु. १ मिमी. अरुंद केलेल्या पूर्ण चोकमुळे ३६·६ मी. अंतरावरील ७६ सेंमी. व्यासाच्या वर्तुळात सु. ७० टक्के छरे पडतात. सरळ नळीतून सु. ४० टक्केच. साहजिकच जुन्या बंदुकांनाही चोक हवा अशी मागणी होऊ लागली. तोंडाशी जादा धातू नसल्याने कारागीर तोंडाच्या थोडे मागे नळी आतून उथळ कोरीत. उलट, जवळच्या शिकारीसाठी मूळचा चोक कोरून काढलाही जाई.

हे बदल ओळखण्यास चाचणीगृहाचे ठसे उपयोगी पडतात. इंग्लंडमध्ये १८७५ च्या नियमांनुसार चोक असलेल्या नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ (गोळीसाठी नव्हे) असा व १८८७ पासून ‘चोक’ असा ठसा मारीत. ठसा आहे पण नळी सरळ आहे, असे आढळल्यास ती मागाहून कोरली असे समजावे.

काडतुसाच्या घरातील फेरबदल अधिक धोक्याचा. जुनी घरे बहुधा ६५ मिमी. लांब असत. काडतुसाची लांबी त्याचे दुमडलेले तोंड उघडल्यानंतरची मोजतात; म्हणून ७० मिमी.चे काडतूस आखूड घरात सहज बसते, परंतु उडताना त्याचे तोंड पुढील निमुळत्या भागात उघडून दाब वाढतो. पिंपरी-चिंचवडलगतच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) १२ बोअरची काडतुसे तयार झालेली असल्याने हा प्रश्न येथेही केवळ पुस्तकी नाही. घर लांबविल्यास सर्वाधिक दाबाच्या जागी धातू कमी होतो. त्यामुळे नळीची पुन्हा चाचणी आवश्यक ठरते. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून व सांधून केलेल्या दमास्कस नळ्यांपैकी पुष्कळांची चाचणी फक्त काळ्या दारूसाठी झालेली असते. अशा नळीतील गंजाचे खड्डे घासून काढल्यावर ती आतून चकचकीत दिसते. तिची जाडी मात्र घटलेली असते.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या सहाव्या कलमानुसार परवान्याविना नळी आखूड करता येत नाही. काही सेंमी. कापल्यास चोक पूर्ण नाहीसा होतो आणि दुनळीच्या तोंडाशी दोन नळ्यांमध्ये फट दिसू लागते. बहुधा ती डाखाने भरलेली आढळते.