चेतकचा रुसवा

हळदीघाटीत १५७६ साली राणाप्रतापांच्या चेतक घोड्यानं जखमी पायानिशी धन्याला वाचवलं, अशी कथा आहे. १९७२ साली आकुर्डीहून त्याच्या नावाची स्कूटर आली. ती म्हातारपणी अडू लागली. तेही रोज नाही. मेकॅनिकसमोर तर एका किकमध्ये चालू! मग अख्खी आळी वैद्यकीला बसायची. "अहो, जरा तिरकी करा!" खरा वैद्य मात्र गाडी अडली त्याच क्षणी प्लग काढून बघतो. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी तपासा. कोरडा असेल तर कार्ब्युरेटरातला कचरा शोधा. २०२० साली विजेवरची चेतक आली. तिला किक नाही, प्लग नाही. उद्या अडलीच, तर आळीनं तिरकं करायचं काय?