तलाव भोपाळचा, कायदा दिल्लीचा

भोपाळचा मोठा तलाव अकराव्या शतकातला. परमार राजा भोजाने कोलांस नदीवर मातीचा बांध घालून तो तयार केला, अशी परंपरा आहे. त्या बांधावर आज कमला पार्क आहे. कोलांस पूर्वी हलाली नदीला मिळत असे. बांध घातल्यावर तलावाचे जादा पाणी भदभद्याकडून कलियासोत नदीत आणि तिथून बेतवेत जाऊ लागले.

भोजाच्याच नावावर सांगितला जाणारा भोजपूरचा तलाव याहून कितीतरी मोठा होता. माळव्याच्या होशंगशाहाने पंधराव्या शतकात त्याचा बांध फोडला. फोडायला सैन्याला तीन महिने लागले, तलाव रिता व्हायला तीन वर्षे आणि तळाची जमीन वस्तीजोगी व्हायला तीस वर्षे, असे गोंडांची आख्यायिका सांगते. हा हिशेब आख्यायिकेचाच समजावा. पण एवढे पाणी गेल्यामुळे माळव्याची हवाच बदलली, ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही टिपून ठेवावीशी वाटली.

मराठ्यांच्या इतिहासात भोपाळ येते ते १७३७ च्या डिसेंबरात. पहिल्या बाजीरावाने निजामाला इथे कोंडीत पकडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईला तह झाला. हे दोराहा आजच्या सीहोर जिल्ह्यात आहे. कोलांसचे पाणीही त्याच जिल्ह्यातून येते.

नवाबी काळात तलावांची भर पडत गेली. १७९४ मध्ये दिवाण छोटे खान याने छोटा तलाव बांधवला. कुदसिया बेगमने स्वतःच्या पैशाने शहरात नळाचे पाणी आणले. शाहजहान बेगमच्या काळात एकाखाली एक तीन तलाव झाले. वरचा भरला की मधल्यात आणि मधला भरला की खालच्यात पाणी उतरावे, अशी त्यांची रचना होती. या सगळ्याला कायद्याचा आधार नव्हता. दरबाराची मर्जी आणि दरबाराचा खजिना यांवर पाणी चालत असे, आणि ते बरे चालले होते.

भोपाळ संस्थान १ जून १९४९ रोजी केंद्राच्या ताब्यात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. त्याआधीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि विदर्भ त्याच राज्यात होता. त्या नागपुरी विधानसभेचा एक कायदा तलावांच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे. १९५० च्या मालगुजारी निर्मूलन कायद्याने भंडाऱ्याकडचे मालगुजारांचे, म्हणजे जमीनदारांचे, शेकडो तलाव सरकारजमा झाले. मालकाबरोबर देखभाल करणाराही गेला, आणि त्याची जागा कोणी घ्यायची हे वर्षानुवर्षे ठरले नाही. मालकी बदलणारा कायदा करणे सोपे असते. गाळ काढणाऱ्याची नेमणूक करणारा कायदा फार क्वचित होतो.

राजधानी झाल्यावर भोपाळची तहान वाढली. १९६५ मध्ये भदभदा येथे अकरा दरवाजांचे धरण पुरे झाले आणि मोठ्या तलावाची पातळी चढली. पूर्ण पातळी १,६६६.८० फूट धरतात. पावसाळ्यात भोपाळकर हा आकडा रोज वर्तमानपत्रात पाहतात.

पाणी हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यांचा विषय आहे. म्हणून संसदेला त्यावर कायदा करायचा तर एरवी अनुच्छेद २५२ खाली राज्यांच्या विधिमंडळांचे ठराव लागतात. वन्यजीव हाही तेव्हा राज्यांचाच विषय होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७४ चा जलप्रदूषण कायदा असेच झाले. दोन्ही वेळा ठराव करणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेश होता. तेव्हा विधानसभा मिंटो हॉलमध्ये भरत असे. म्हणजे दिल्लीने कायदा करावा, अशी संमती भोपाळमधूनच गेली होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणरक्षणाचा अनुच्छेद ४८ क आला आणि वने व वन्यजीव समवर्ती सूचीत गेले. राज्याचा हात आणखी आखडला.

मग २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची ती रात्र आली. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटले आणि हजारो माणसे मेली. त्यातून १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला. संसदेने तो १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा हवाला देऊन केला, त्यामुळे राज्यांच्या ठरावाची गरजच पडली नाही. भोपाळच्या दुर्घटनेने देशाला कायदा दिला. त्याची सूत्रे मात्र भोपाळच्या हातात राहिली नाहीत.

त्याच १९८६ मध्ये मध्य प्रदेशाने स्वतःचा पेयजल परिरक्षण अधिनियम केला. टंचाई जाहीर झालेल्या भागात जिल्हाधिकारी नव्या कूपनलिकांना मनाई करू शकतो आणि पिण्याखेरीज इतर वापर थांबवू शकतो. कायदा उपयोगी आहे, पण तो टंचाई पडल्यावर जागा होतो. टंचाई पडू नये यासाठी पाणलोट राखायचे बळ त्याच्यात नाही. महाराष्ट्राचा १९९३ चा भूजल कायदाही याच वळणाचा होता. तो २००९ मध्ये नव्याने लिहावा लागला.

मोठ्या तलावासाठी १९९५ पासून जपानी कर्जावर भोज पाणथळ प्रकल्प राबवला गेला. गाळ काढला, धोबीघाट हलवले, झाडे लावली, सांडपाणी वळवले. ऑगस्ट २००२ मध्ये दोन्ही तलाव मिळून ३,२०१ हेक्टरांना रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. प्रकल्प सरल्यावर राज्याने सरोवर संरक्षण प्राधिकरण स्थापले. नाव प्राधिकरणाचे असले तरी स्वरूप नोंदणीकृत संस्थेचे होते. दंड करण्याचा, बांधकाम पाडण्याचा अधिकार तिला कुठल्याच अधिनियमाने दिला नव्हता. त्याच सुमारास इतर राज्ये पुढे गेली. २००६ मध्ये पश्चिम बंगालने पूर्व कोलकात्याच्या पाणथळींसाठी आणि मणिपूरने लोकताकसाठी स्वतंत्र कायदा केला. २००८ मध्ये केरळने भातखाचरे व पाणथळींसाठी, तर २०१५ मध्ये शेजारच्या राजस्थानने तलावांसाठी कायदा केला.

भोपाळला याची निकड २००९ मध्ये कळली. पाऊस ओढ देऊन बसला, तलाव आटून एरवीच्या एका लहानशा हिश्श्यावर आला आणि हजारो नागरिक कुदळ-फावडी घेऊन गाळ काढायला उतरले. ते श्रमदान मनापासूनचे होते. पण तलावाचे ३६१ चौरस किलोमीटरचे पाणलोट भोपाळ आणि सीहोर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. तिथली खते आणि गाळ श्रमदानाने अडत नाहीत, आणि महापालिकेची हुकमत तिथवर पोचत नाही. राज्याचा कायदा हवा, या मागणीचा खरा कणा इथे आहे.

केंद्राने २०१० मध्ये पाणथळींचे नियम केले आणि २०१७ च्या नव्या नियमांनी जबाबदारी राज्य पाणथळ प्राधिकरणांकडे सोपवली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने तलावाच्या पाणलोटाचा आराखडा दिला. १९९५ च्या शहर विकास आराखड्याची मुदत २००५ मध्ये सरली. २०३१ साठीचा मसुदा २०२० मध्ये आला आणि रखडला. तलावाची हद्द दाखवणारे मुनारे लागले, हलले, पुन्हा मोजले गेले. निर्णय होत राहिले ते राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ पीठाकडून. २०२३ मध्ये तलावातील क्रूझ आणि डिझेल बोटी बंद करण्याचा आदेश त्याच पीठाने दिला.

हवामानबदलाच्या बाबतीतही हीच तऱ्हा आहे. केंद्राची कृती योजना २००८ मध्ये आली, राज्यांनी आपापल्या योजना कराव्यात असे ठरले आणि मध्य प्रदेशाची योजना एप्को या राज्याच्या पर्यावरण संस्थेने तयार केली. पण योजना न पाळल्याबद्दल कोणत्याही खात्याला जाब विचारता येत नाही. मे २०१७ मध्ये विधानसभेने नर्मदेला जिवंत अस्तित्व मानण्याचा ठराव केला, तोही ठरावच. मध्य प्रदेशात आज भोज, साख्यसागर, सिरपूर, यशवंतसागर आणि तवा अशी पाच रामसर स्थळे आहेत. त्यांच्यासाठी विधानसभेने पहिले काम करायला हवे ते पाणलोटावर अधिकार असलेले, जिल्ह्यांच्या हद्दी ओलांडून चालणारे प्राधिकरण कायद्याने उभे करण्याचे.