कार्निव्हलच्या आधीचे दिवस

त्रिनिदादच्या कार्निव्हलविषयी लिहिणारे बहुधा अखेरच्या दोन दिवसांतच रमतात. राखेच्या बुधवारापूर्वीचे ते सोमवार आणि मंगळवार नेत्रदीपक असतात हे खरे; परंतु या उत्सवाचा इतिहास घडला तो त्याआधीच्या आठवड्यांत. नाताळ सरताच पोलादी वाद्यांच्या अंगणांत रात्रीच्या तालमी सुरू होतात, कॅलिप्सो गायकांचे तंबू उघडतात आणि ‘मास’च्या, म्हणजे सोंगांच्या, कार्यशाळांत तारा वाकवून सांगाडे उभे राहू लागतात.

१७८३ नंतर आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांचे मुखवटानृत्य हे या उत्सवाचे एक मूळ. १८३८ मध्ये पूर्णपणे मुक्त झालेल्या आफ्रिकी गुलामांनी तो दिवाणखान्यातून रस्त्यावर आणला. जळत्या उसाची आठवण जागवणारी त्यांची मशालींची मिरवणूक म्हणजे ‘कांबूले’. १८८१ मध्ये तीत पोलिसांशी उघड झुंज झाली. १८८४ मध्ये ढोल आणि मशाली यांवर निर्बंध आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात सान फर्नांडो येथे भारतीय मजुरांच्या मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार होऊन अनेक जण ठार झाले. इतिहासकार या घटना बहुधा निरनिराळ्या प्रकरणांत सांगतात. मला ही विभागणी मान्य नाही. रस्त्याला भिणारी सत्ता एकच होती.

ढोल गेला, तेव्हा लोकांनी बांबू हाती घेतला. कमीअधिक जाडीचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला जाई. १९३० नंतरच्या दशकात बिस्किटांचे डबे आले, पुढे तेलाची पिंपे. पिंपाचा तळ ठोकून खोलगट करायचा, स्वरांच्या जागा आखायच्या, तापवायचे आणि पुन्हा ठोकत सूर जमवायचा. १९४२ ते १९४५ या युद्धकाळात कार्निव्हल बंद होता. वाद्य मात्र वस्त्यांच्या परसांत घडतच राहिले. १९६३ मध्ये ‘पॅनोरमा’ स्पर्धा सुरू झाली. तिच्यासाठी शंभराच्या आसपास वादक एकेक तुकडा ऐकून पाठ करतात आणि श्रोते तालमीलाच गर्दी करतात.

या तयारीचे मोल अर्ल लव्हलेस यांनी ‘द ड्रॅगन कान्ट डान्स’ (१९७९) या कादंबरीत ओळखले. तिचा नायक ऑल्ड्रिक दरवर्षी ड्रॅगनचे सोंग स्वतः शिवतो. त्या शिवणकामातच त्याची प्रतिष्ठा आहे. त्याच वस्तीत राहणारा भारतीय वंशाचा परियाग मात्र कोणाच्या नजरेतच भरत नाही. कादंबरीतील सर्वांत बोचरे दुःख त्याचे आहे, असे मी मानतो.

संगीताने ही भिंत थोडी आधी खरवडली होती. लॉर्ड शॉर्टी या गायकाने १९७० नंतर ढोलक आणि धंताल यांचे ताल कॅलिप्सोत मिसळले. त्यातून ‘सोका’ आकारास आले. पुढे भारतीय लग्नघरांतील गाण्यांशी त्याचा संगम होऊन ‘चटणी-सोका’ जन्मले. १९९६ पासून कार्निव्हलपूर्व दिवसांत त्याचीही स्पर्धा भरू लागली, आणि अनेक वर्षे ती सान फर्नांडोतच भरली.