ओरखड्यापासून अक्षरापर्यंत

इंग्रजीच्या तासाला 'राइट, रोट, रिटन' ही रूपे आपण सर्वांनीच घोकली आहेत. एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, स्पेलिंगमध्ये आधी डब्ल्यू आहे, मग तो म्हणत का नाहीत?" त्यावर बहुधा उत्तर मिळते, "तो सायलेंट असतो." प्रश्न तेथेच मिटतो. वास्तविक हा डब्ल्यू जन्मतः मुका नाही. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद 'व्रीतान' असे होते आणि त्यातला 'व' स्पष्ट उच्चारला जाई. सतराव्या शतकाच्या सुमारास तो बोलण्यातून गळाला. तोवर छापखान्यांनी स्पेलिंग बरेचसे पक्के करून टाकले होते, म्हणून कागदावर तेवढा उरला.

पण खरी गंमत उच्चारात नाही, अर्थात आहे. 'व्रीतान' म्हणजे मुळात ओरखडणे, कोरणे. जर्मन भाषेत त्याचा सख्खा भाऊ 'राइसेन' अजून नांदतो आहे आणि त्याचा अर्थ फाडणे असा होतो. उत्तर युरोपातले लोक शाई आणि कागद वापरू लागण्यापूर्वी लाकूड, हाड आणि दगड यांवर रून नावाची अक्षरे कोरत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासूनचे त्यांचे नमुने सापडतात. ही अक्षरे उभ्या आणि तिरप्या रेघांची असतात, आडवी रेघ त्यांत सहसा नसते. लाकडाच्या तंतूंच्या दिशेने पाते ओढले तर रेघ तंतूंत हरवते, वर लाकूड चिरण्याची भीती. तेव्हा अक्षरांचे वळण माणसाच्या हौसेइतकेच लाकडाच्या गुणधर्मानेही ठरवले, असे म्हणायला हरकत नाही.

रोमन लोकांचे 'स्क्रीबेरे' आणि ग्रीकांचे 'ग्राफेइन' हेही मूळचे ओरखडणेच. जर्मनांनी लिहिण्यासाठी लॅटिन शब्द उचलून 'श्राइबेन' केला. इंग्रजांनीही तो घेतला, पण पाद्र्याने पापाचे प्रायश्चित्त नेमून देणे या अर्थाने. लिहिण्यासाठी त्यांनी आपला घरचाच शब्द ठेवला. इंग्रजीतला 'कार्व्ह' म्हणजे कोरणे हा शब्द ग्रीक 'ग्राफेइन'चा दूरचा नातेवाईक आहे. म्हणजे गणिताच्या तासाला काढलेला ग्राफ आणि सुताराने केलेले कोरीवकाम एकाच मुळावर उगवले आहेत.

आता आपल्याकडे येऊ. संस्कृत 'लिख्' या धातूचा मूळ अर्थही खरवडणे, ओरखडणे हाच. त्याचेच जुने रूप 'रिख्', आणि त्यापासून रेखा. सुश्रुताने शस्त्रकर्माचे जे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत छेद्य, भेद्य यांच्या जोडीला 'लेख्य' आहे. तिथे वैद्य काही लिहीत नाही, खरवडून काढतो. जीभ साफ करण्याला आयुर्वेदात जिव्हानिर्लेखन म्हणतात. हा 'निर्लेखन' शब्द वाचून विज्ञान शिक्षकांना दुसरेच काही आठवेल. प्रयोगशाळेतली फुटकी चंचुपात्रे डेडस्टॉक रजिस्टरातून कमी करायची असली की 'निर्लेखनाचा' प्रस्ताव पाठवावा लागतो. इंग्रजीत त्यालाच 'राइट ऑफ' करणे म्हणतात.

संस्कृतापर्यंत जायचे नसेल तर आपले 'खरडणे' पाहा. पातेल्याच्या तळाची खरपूडही खरडतात आणि चार ओळींचे पत्रही खरडतात. कच्च्या मसुद्याला खर्डा म्हणतात, आणि तो घासत बसणे ही खर्डेघाशी. दोन्ही अर्थ एकाच शब्दात जिवंत असल्याचे इतके चांगले उदाहरण इंग्रजीला देता येणार नाही.

लिहिण्याची दुसरी तऱ्हा म्हणजे माखणे. 'लिप्' म्हणजे सारवणे, लेप देणे. त्यापासून लिपी, अशी व्युत्पत्ती आपण ऐकलेली असते. मात्र इथे थोडे थांबायला हवे. अशोकाचे शिलालेख इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले. बहुतेक ठिकाणी त्यांत 'लिपि' असा शब्द येतो, पण आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाझगढीच्या लेखात 'दिपि' आहे. 'दिपि' हा जुन्या फारसीतला शब्द. त्याचा माग काढत मागे गेले की आपण सुमेरियन भाषेतल्या 'दुब'पाशी, म्हणजे मातीच्या पाटीपाशी, पोचतो. त्यामुळे अनेक अभ्यासकांना वाटते की शब्द पश्चिमेकडून आला आणि 'लिप्' धातूच्या ओढीने 'द'चा 'ल' झाला. पाणिनीने लिपिकर आणि लिबिकर असे दोन्ही शब्द नोंदवले आहेत, यावरून तो त्या काळी स्थिरावत असावा असे आम्हाला वाटते. कर्नाटकात ब्रह्मगिरीच्या अशोककालीन लेखाखाली चापड नावाच्या लेखकाने सही केली आहे. सगळा मजकूर ब्राह्मीत, पण 'लिपिकराने' हा शेवटचा शब्द त्याने वायव्येकडच्या खरोष्ठीत लिहिला. आपल्याला दोन लिप्या येतात, हे त्याला सांगावेसे वाटले असणार! ब्राह्मीतला अशोकाचा लेख पाहायला आपल्याला तितके लांब जायला नको. सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना मिळालेला तुकडा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे.

कोरणे आणि माखणे यांची सरमिसळ पेन्सिलीत झाली आहे. ग्रॅफाइट हे नाव १७८९ मध्ये वेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 'ग्राफेइन'वरून ठेवले. पण ग्रॅफाइट कागदाला कोरत नाही. त्यातल्या कार्बनच्या अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरतात आणि कागदाला चिकटून राहतात. ही माखण्याचीच क्रिया झाली. ग्रॅफाइट हे शिसे नसून कार्बन आहे, हे शेले याने १७७९ मध्येच दाखवले होते. आपण मात्र अजून शिसपेन्सिलच म्हणतो.

पुढे १९५६ साली आयबीएमची पहिली हार्ड डिस्क आली, तेव्हा तिच्यावर माहिती साठवण्यालाही 'राइट' हाच शब्द लागला. तिथे कोरणे नाही, माखणेही नाही. चुंबकीय थरातल्या इवल्या भागांची दिशा फक्त बदलते.

शिक्षकांच्या दृष्टीने आणखी दोन प्रयोग लक्षात घेण्याजोगे आहेत. 'राइट डाउन' म्हणजे दिसले ते तेव्हाच टिपणे. 'राइट अप' म्हणजे टिपलेले नंतर नीट मांडणे. प्रयोगशाळेत हा क्रम उलटून चालत नाही. मराठीत टिपणे आणि मांडणे असे वेगळे शब्द असूनही वर्गात आपण दोन्हींना 'लिहा' म्हणतो, आणि मुले तिसरेच काही करतात : उतरवतात. आम्ही महाविद्यालयात होतो तेव्हा एक मीटर लांबीच्या लंबकाच्या वीस आंदोलनांना अख्ख्या वर्गाला ४०.१ सेकंद लागत. आदल्या वर्षीच्या जर्नलात तेवढेच लागले होते. आमच्या मित्राला एकदा ३९.४ मिळाले, त्याने ते खरेच मोजले होते. सरांनी लाल शाईने गोल करून 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला. 'पुन्हा मोजा' असे ते म्हणाले नाहीत. मित्राने मुकाट्याने ४०.१ लिहिले, आणि दोरा कुठे घसरला होता की काय, हे शोधायचे राहूनच गेले.

उतरवण्यातल्या चुका मोठ्यांनाही चुकत नाहीत. २०१० साली क्रेग व्हेंटर यांच्या गटाने एका जिवाणूचा सुमारे १० लाख ८० हजार आधारक-जोड्यांचा जीनोम रासायनिक पद्धतीने 'लिहिला'. खूण म्हणून त्यांनी डीएनएच्या सांकेतिक भाषेत काही वचने त्यात घातली. त्यांतले रिचर्ड फाइनमन यांचे वचन चुकीचे उतरले होते. फाइनमन ज्या संस्थेत शिकवत, त्या कॅलटेकमधून मूळ शब्द ज्यावर होते त्या फळ्याचे छायाचित्र व्हेंटर यांच्याकडे गेले, आणि त्यांनी चूक मान्य केली. तो फळा फाइनमन १९८८ साली वारले तेव्हा त्यांच्या खोलीत जसा होता तसाच टिपलेला होता. अक्षर खडूचे, त्यांच्याच हातचे.